कॅनडात प्राइस मॅच आणि कूपन वापरताना या चुका टाळा, आणि जिथे हक्क आहे तिथे गप्प बसू नका

ओंटारिओत नवीन आलेल्या आपल्या लोकांची ग्रोसरीबद्दलची तक्रार जवळपास एकच असते. दुसऱ्या दुकानाच्या फ्लायरमध्ये, म्हणजे सेलच्या जाहिरातपत्रकात, भाव कमी होता, मोबाइलवर दाखवला तरी काउंटरवरची मुलगी नाही म्हणाली, मग मॅनेजर आला, मागे लाइन लागली आणि शेवटी वस्तू तिथेच ठेवून घरी यावं लागलं. राग येणं साहजिक आहे, भाडं, बस पास, फोनचं बिल हे सगळं दिल्यावर किराण्यात वाचवायला किती जागा उरते ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण मला खरं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दुकान जिथे सरळ नाही म्हणू शकतं तिथे आपण वाद घालतो, आणि जिथे दुकानाने स्वतः लेखी कबूल केलंय, कायदाही आपल्या बाजूने आहे, तिथे मात्र बिल न बघताच खिशात टाकून बाहेर पडतो.

प्राइस मॅच म्हणजे दुसऱ्या दुकानाच्या फ्लायरमधला कमी भाव या दुकानाने आपल्याला देणं. ही दुकानाची पॉलिसी आहे, द्यायचं की नाही, किती द्यायचं, कशावर द्यायचं हे तेच ठरवतात. शेल्फवर लावलेला भाव मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलंय, घाई असेल तर तेवढं तरी वाचाच.

सगळी दुकानं मॅच करतात असं धरून चालणं

नो फ्रिल्स, फ्रेशको, रिअल कॅनेडियन सुपरस्टोअर, जायंट टायगर ही मॅच करणाऱ्यांपैकी नावं. वॉलमार्टने कॅनडात दुसऱ्यांच्या फ्लायरशी भाव मॅच करणं २०२० च्या ऑक्टोबरमध्येच बंद केलं, तरी अजून कुणीतरी जुना व्हिडिओ बघून किंवा इथे दहा वर्षं राहिलेल्या काकांचं ऐकून तिथे फ्लायर घेऊन जातं आणि हिरमुसून परत येतं. कॉस्टको मॅच करत नाही आणि कॉस्टकोचा भावही सहसा कुणी मॅच करत नाही, कारण तिथे मेंबरशिप लागते. कॉस्टकोत घेतलेल्या वस्तूचा भाव ३० दिवसांच्या आत त्यांच्याकडेच कमी झाला तर फरक परत मागता येतो, त्यासाठी बिल जपून ठेवा.

आपल्या देशी दुकानांचे फ्लायर हा कायम वादाचा विषय. काही ठिकाणी फक्त मोठ्या चेनचेच फ्लायर चालतात, काही ठिकाणी जवळच्या कुठल्याही दुकानाचा चालतो. हे काउंटरवर उभं राहून विचारायचं नसतं, आत शिरल्या शिरल्या कस्टमर सर्व्हिस डेस्कला विचारा, म्हणजे कार्ट भरायच्या आधीच कळतं.

"सेम आयटम" म्हणजे अगदी तोच आयटम

निम्मे वाद इथेच होतात. ब्रँड तोच हवा, वजन तेच हवं, प्रकार तोच हवा. आता आपल्या घरात लागणाऱ्या वस्तू घ्या. एका फ्लायरमध्ये आट्याची २० पाउंडाची बॅग असते, दुसऱ्या दुकानात तोच ब्रँड पण १० किलोची. लांबून दोन्ही बॅगा सारख्याच दिसतात, पण २० पाउंड म्हणजे ९.०७ किलो, त्यामुळे मॅच होत नाही आणि ते नाही म्हणाले तर त्यांचं चुकलेलं नसतं. तूरडाळ ४ पाउंड आणि २ किलो, तेच. चार पाउंड म्हणजे १.८१ किलो. पनीर, दही, तूप घेताना पाकिटावरचे ग्रॅम वाचून मगच कार्टमध्ये टाका. ऑरगॅनिक आणि साधं, फ्रोजन आणि ताजं, हाडासकट चिकन आणि बोनलेस, हे सगळे वेगळे आयटम धरले जातात.

भाजी आणि फळांचं अजून एक आहे. फ्लायरमध्ये भाव मोठ्या अक्षरात पाउंडचा असतो आणि किलोचा खाली बारीक असतो, पण काउंटरवरचा काटा किलोत चालतो आणि बिलावरही किलोचाच भाव येतो. नवीन माणूस बिलावर ३.२८ बघतो आणि म्हणतो फ्लायरमध्ये तर १.४९ होतं, मला डबल लावलं. डबल नाही लावलेलं, १.४९ पाउंडाला म्हणजे ३.२८ किलोला होतात. पाउंडाचा भाव गुणिले २.२, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आणि एका दुकानात फ्लॉवर नगावर असेल आणि दुसरीकडे वजनावर, तर तो मॅच बहुतेक होत नाहीच, त्यावर वेळ घालवू नका.

मग ते "२ फॉर ७ डॉलर" वालं. खाली बारीक लिहिलेलं असतं की दोनपेक्षा कमी घेतले तर ३.९९ ला एक. तुम्ही एकच घेऊन ३.५० मागितले तर मिळणार नाहीत, फ्लायरमध्ये जेवढे सांगितलेत तेवढे घ्यावे लागतात. क्वांटिटीची लिमिट पण असते, पाहुणे येणार म्हणून बारा तुपाचे डबे एका मॅचवर मिळतील अशी अपेक्षा नको.

तारीख आणि पोस्टल कोड

ओंटारिओत बहुतेक ग्रोसरी फ्लायर गुरुवार ते बुधवार चालतात. बुधवारी रात्री क्लिप करून ठेवलं आणि गुरुवारी संध्याकाळी गेलात तर तो फ्लायर संपलेला असतो. वेगवेगळ्या दुकानांचे फ्लायर एकत्र दाखवणाऱ्या फ्लिप ॲपमध्ये पोस्टल कोड जुना राहिला तर वेगळ्याच भागाचे फ्लायर दिसतात, ब्रॅम्प्टनमधून वॉटरलूला शिफ्ट झालेल्या मुलांचं हे हमखास होतं. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच ठिकाणी त्यांना ॲपमध्ये उघडलेलं पान बघायचं असतं ज्यात दुकानाचं नाव, तारीख आणि वजन एकत्र दिसतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

काउंटरवर गेल्यावर

सेल्फ चेकआउटला प्राइस मॅच सहसा होत नाही, माणूस असलेल्या काउंटरला जा. स्कॅनिंग सुरू व्हायच्या आधीच सांगा की काही आयटम मॅच करायचेत, ते वेगळे शेवटी ठेवा, आणि फोनवर पानं आधीच उघडून ठेवा. तासाभराच्या पगारावर उभी असलेली ती मुलगी बऱ्याचदा आपल्यासारखीच स्टुडंट असते, पॉलिसी तिने बनवलेली नाही आणि मोडायचा अधिकारही तिला नाही. तिच्यावर आवाज चढवून कधीच काही मिळत नाही. नाही म्हणाली तर शांतपणे सुपरवायझरला बोलवायला सांगा, एवढंच.

पॉइंट्सना सूट समजणं

"या आयटमवर २,००० पॉइंट्स" हे दुसरीकडे मॅच होत नाही, कारण तो भाव नाहीच. मेंबर प्राइसचंही बहुतेक तसंच. पीसी ऑप्टिमम आणि सीन प्लस हे इथले दोन पॉइंट्स प्रोग्रॅम. पीसी ऑप्टिममचे १०,००० पॉइंट्स म्हणजे १० डॉलर, सीन प्लसचे १,००० म्हणजे १० डॉलर, त्यामुळे नुसता आकडा बघून हुरळून जायचं नाही, आधी डॉलरमध्ये करून बघा. वरचे २,००० पीसी ऑप्टिमम पॉइंट्स म्हणजे २ डॉलर आणि तेच सीन प्लसवर २० डॉलर. ऑफर ॲपमध्ये लोड करायची राहिली असेल तर बिल झाल्यावर कस्टमर सर्व्हिसला कितीही मेसेज करा, अवघड असतं. आणि "दर ४ डॉलरमागे इतके पॉइंट्स" असं असेल तर ७.९० च्या खरेदीवर एकदाच मिळतात, दहा सेंटने दुसरा टप्पा हुकतो.

कूपन

कूपन दोन प्रकारचं असतं. एक कंपनीचं, म्हणजे साबण किंवा सीरियल बनवणाऱ्याने काढलेलं, त्याचे पैसे दुकानाला नंतर कंपनीकडून मिळतात. दुसरं दुकानाचं स्वतःचं. कंपनीचं कूपन बहुतेक मोठ्या दुकानांत चालतं, दुकानाचं फक्त त्याच दुकानात. एका वस्तूवर एकच कूपन हा सर्वसाधारण नियम, अमेरिकेतल्या व्हिडिओत दाखवतात तसं एकावर एक कूपन लावून फुकट शॅम्पू घेणं इथे विसरा, आणि अमेरिकन कूपन तर इथे चालतच नाहीत, बफेलोहून येताना गोळा करून आणू नका.

प्राइस मॅच केलेल्या वस्तूवर वर कूपन लागेल का, हे दुकानागणिक बदलतं, आधी विचारून घ्या. कूपनवरची साइज पण वाचा, "४०० ग्रॅम किंवा मोठं" असेल तर ३७५ ग्रॅमच्या डब्यावर ते स्कॅनच होत नाही.

टॅक्सचा एक मुद्दा बऱ्याच जणांना खटकतो. डाळ, तांदूळ, दूध, भाजी अशा मूळ किराण्यावर एचएसटी, म्हणजे विक्रीवरचा टॅक्स, नसतो, पण चिप्स, कोल्ड्रिंक, साबण, शॅम्पू यावर ओंटारिओत १३ टक्के लागतो. कंपनीचं कूपन दिलं तरी टॅक्स कूपनच्या आधीच्या किमतीवर लागतो. ५ डॉलरचा शॅम्पू आणि १ डॉलरचं कूपन असेल तर टॅक्स ५ वर म्हणजे ६५ सेंट, आणि देणं ४.६५. ही चूक नाही, त्यावर भांडू नका.

आता ती चूक जी खरंच महाग पडते: शेल्फ आणि स्कॅनरचा भाव न जुळवणं

कॅनडात स्कॅनर प्राइस ॲक्युरसी कोड आहे, रिटेल कौन्सिल ऑफ कॅनडा ही दुकानदारांची संघटना तो चालवते, २००२ पासून आहे आणि कॉम्पिटिशन ब्युरो या सरकारी संस्थेचा त्याला पाठिंबा आहे. सक्तीचा नाही, पण लॉब्लॉ, वॉलमार्ट, कॉस्टको, शॉपर्स ड्रग मार्ट अशा मोठमोठ्या चेननी तो स्वतःहून स्वीकारलाय. सामील दुकानात त्याची पाटी दाराजवळ किंवा काउंटरजवळ लावलेली असते. इतकी वर्षं इथे राहून ती पाटी न वाचलेले लोक मला रोज भेटतात आणि जीव तुटतो.

नियम साधा आहे. शेल्फवर लावलेल्या भावापेक्षा स्कॅनरला जास्त भाव आला, आणि वस्तूचा खरा, म्हणजे शेल्फवरचा, भाव १० डॉलर किंवा कमी असेल, तर ती वस्तू फुकट. १० डॉलरपेक्षा जास्त असेल तर खऱ्या भावातून १० डॉलर कमी. दह्याच्या डब्यावर शेल्फला ४.९९ आणि स्कॅन झालं ५.९९, तर डबा फुकट. असे तीन डबे घेतले असतील तर पहिला फुकट आणि बाकीचे दोन ४.९९ ने. तूप शेल्फवर १३.९९ आणि स्कॅन १६.९९, तर तुम्ही देणार ३.९९. हे दुकानाने कबूल केलेलं आहे, हात पसरल्यासारखं अजिबात वाटून घेऊ नका.

पण मागावं लागतं. आपोआप कुणी देत नाही, बहुतेक वेळा कॅशियर नुसता भाव दुरुस्त करून मोकळा होतो, आणि नवीन स्टाफला हा कोड माहीतही नसतो. म्हणून शेल्फवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, त्यात वस्तूचं नाव, वजन आणि सेलची तारीख स्पष्ट यायला हवी, कारण लेबल शेजारच्या दुसऱ्याच वस्तूचं निघालं तर सगळंच फिसकटतं. काउंटरवर कोडचं नाव घेऊन मागा. ज्या वस्तूवर वेगळी किमतीची चिठ्ठी चिकटवलेली आहे त्यांना हा कोड लागू नाही, प्रिस्क्रिप्शनच्या औषधांना आणि काउंटरमागच्या कॉस्मेटिक्सना पण नाही.

दुकान कोडमध्ये सामील नसेल तरी रिकाम्या हाताने परतायचं कारण नाही. कॉम्पिटिशन ॲक्टच्या कलम ५४ नुसार एकाच वस्तूवर दोन भाव लावलेले असतील तर जास्तीच्या भावाने विकणं हा गुन्हा आहे, कमी भाव तरी द्यावाच लागतो.

कुणी म्हणेल एका डॉलरसाठी एवढं कशाला. ब्रेडचं प्रकरण आठवा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये लॉब्लॉ आणि तिची मालक कंपनी जॉर्ज वेस्टन यांनी स्वतःच सांगितलं की २००१ पासून ब्रेडचे भाव संगनमताने ठरवले जात होते आणि त्यात आपण सामील होतो. मग लोकांना २५ डॉलरची गिफ्ट कार्डं वाटली, २०२३ मध्ये कॅनडा ब्रेड कंपनीला ५ कोटी डॉलर दंड झाला, आणि २०२४ मध्ये लॉब्लॉ आणि जॉर्ज वेस्टन यांनी ५० कोटी डॉलरची तडजोड केली. थोडे थोडे सेंट करून लाखो घरांतून किती पैसे गेले ते यावरून समजा.

मॅनेजरनेही नाही म्हटलं तर तिथे उभं राहून ओरडू नका, बिल आणि फोटो घेऊन घरी या, आधी चेनच्या हेड ऑफिसला लिहा आणि तिथेही नाही सुटलं तर कोडच्या तक्रार लाइनला फोन करा, तिचा नंबर रिटेल कौन्सिलच्या वेबसाइटवर आहे. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र वेगळी व्यवस्था आहे, तिथे प्रांताचा स्वतःचा कायदा चालतो आणि १० डॉलरची ती मर्यादा मे २०२५ पासून १५ डॉलर झालीय, तेव्हा माँट्रियालला असाल तर १५ चा आकडा सांगूनच मागा.