उन्हाळी वर्कशॉप घ्यायचंय तर ऊनच वापरा ना! (१२ ते १६ वयाच्या मुलांसाठी)

एप्रिल लागला की सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर पडायला सुरुवात होते, दहा दिवसांत पंधरा अ‍ॅक्टिव्हिटी, शेवटच्या दिवशी मेडल आणि सर्टिफिकेट. सहा-सात वर्षांच्या पोरांना हे चालून जातं, पण तेरा-चौदाच्या मुलाला आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड करायला बसवलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि आलाच तर आईने ढकललंय म्हणून येतो आणि कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतो. त्याचं काही चुकत नाही हो. या वयात खरं काहीतरी करायला हवं असतं, ज्यात थोडं केमिकल आहे, थोडं टोकदार हत्यार आहे, जे बिघडू शकतं, आणि बिघडलं तर परत करायला वेळ आहे. म्हणून पाच दिवस एकच विषय घ्या. मी इथे सांगतेय तो विषय म्हणजे उन्हाने छपाई आणि त्याच छापलेल्या कागदाची शेवटी स्वतः शिवलेली वही. मे महिन्यात आपल्याकडे फुकट आणि भरपूर काय मिळतं तर ऊन, मग त्याला शिव्या देत एसीत बसण्यापेक्षा कामाला लावलेलं बरं.

आधी मुलं किती घ्यायची ते ठरवा. दहा-बारा, त्याच्यावर नाही, आणि मोठी माणसं दोन. "धाकट्यालाही बसू द्या ना, शांत बसतो तो" असं कोणीतरी म्हणणारच, तिथे नाही म्हणायचं, कारण दहाच्या खालचं एक मूल आलं की मोठी मुलं तो बालवर्ग समजतात आणि संपलं सगळं. तारखा ठरवताना दहावीत जाणाऱ्यांना विचारून घ्या, त्यांचे क्लास मे महिन्यातही चालू असतात. वेळ सकाळी साडेआठ ते अकरा ठेवा, कोटिंग (कागदावर रंगाचं पाणी किंवा केमिकल ब्रशने लावणं) आणि बाकीची तयारी क्लबहाऊसमध्ये किंवा पार्किंगच्या सावलीत, आणि दहानंतर गच्चीवर. गच्चीची किल्ली आणि सेक्रेटरींची परवानगी आधीच घ्या, आणि गच्चीवर टाकीची सावली कुठे पडते ते त्याच वेळेला एकदा जाऊन बघा.

पहिला दिवस हळदीचा. हे सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक, आणि मुलांना लगेच कळतं की ऊन खरंच रंग खातं. साध्या स्वयंपाकाच्या हळदीचे दोन चमचे १०० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळायचे, गाळ खाली बसला की वरचं पिवळं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे आसपास गॅस, उदबत्ती काही नको आणि खिडक्या उघड्या. हे पाणी जाड कार्ट्रिज पेपरवर ब्रशने दोन हात मारायचं, सावलीत वाळवायचं, वर झाडाचं पान ठेवायचं, त्यावर काच, आणि उन्हात. एक ते तीन तास लागतात, म्हणजे मांडून ठेवून मधे दुसरं काम करता येतं. जिथे ऊन लागलं तिथली हळद उडून कागद फिका होतो, पानाखाली पिवळा राहतो. आता खरी मजा, कपभर कोमट पाण्यात चमचाभर बोरॅक्स किंवा खायचा सोडा विरघळवून तो कागदावर फिरवा, राहिलेला पिवळा झटक्यात विटकरी लाल होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं त्यातलंच हे, घरात आजी असेल तर ती मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं समजावेल. हा ठसा कायम टिकत नाही, उजेडात राहिला तर फिका होत जातो, म्हणून भिंतीवर लावू नका, वहीच्या आतल्या पानाला वापरा.

दुसऱ्या दिवसापासून सायनोटाइप, म्हणजे निळी छपाई. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांचे असे ठसे काढून पुस्तकच करायला घेतलं. आर्किटेक्ट लोकांची जुनी ब्लूप्रिंट ती हीच. हे मुलांना दोन मिनिटांत सांगा, लेक्चर नको.

केमिकल दोन लागतात, फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं मिळतं ते घ्या) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. कॉलेजच्या लॅबना माल देणाऱ्या दुकानात विचारा किंवा ऑनलाइन मागवा, पण दोन आठवडे आधी. पहिलं २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, दुसरं १० ग्रॅम १०० मिली पाण्यात, दोन वेगळ्या गडद बाटल्यांमध्ये. वापरायच्या वेळी दोन्ही सारख्या मापाने एकत्र करायचं. ए-फोर कागदाला ३ मिलीच्या आसपास लागतं, म्हणजे बारा मुलं आणि प्रत्येकी दहा कागद धरले तरी ५० ग्रॅम आणि २० ग्रॅममध्ये होणारं ४०० मिली पुरून उरतं. उगाच किलो-अर्धा किलो घेऊन बसू नका.

आता पालक. फेरिसायनाइड हे नाव बाटलीवर वाचलं की ग्रुपवर वादळ येणार, तेव्हा आधीच मेसेज टाकून ठेवा. यातलं सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं त्यामुळे हे केमिकल कमी विषारी समजलं जातं, पण दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत, ते तापवायचं नाही आणि बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडसारख्या कुठल्याही जहाल अ‍ॅसिडजवळ न्यायचं नाही. हातमोजे घालायचे, पावडर मोठ्या माणसानेच मोजायची तीही मास्क लावून, खाणं-पिणं दुसऱ्या टेबलावर, आणि बाटल्यांवर मोठ्या मराठी अक्षरात लेबल. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात भरू नका, मे महिन्यात तहानलेलं पोरगं समोर दिसेल ती बाटली तोंडाला लावतं.

कोटिंगला स्पंजचा ब्रश घ्या, पत्र्याची पट्टी असलेला नको कारण लोखंड लागलं की निळे डाग पडतात. खोलीत पडदे ओढून साधा दिवा चालतो, फक्त खिडकीतलं ऊन नको. कोट वाळल्यावर कागद पिवळट हिरवा दिसतो, तो काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा.

पानं आदल्या दिवशी मुलांनाच गोळा करायला लावा. गुलमोहराचं पान याच्यासाठीच बनलंय असं वाटतं, चिंचेचं, शेवग्याचं, कुंडीतला नेचा, तुळशीच्या मंजिऱ्या, सगळं मस्त येतं. जाड पानाचा नुसता आकार उमटतो, पातळ पानाच्या शिरासुद्धा दिसतात. मात्र पानं रात्रभर जुन्या पेपरात दाबून ठेवा, ताजं पान काचेखाली उन्हात गेलं की त्याची वाफ होते आणि कागदावर डाग येतात. खाली पुठ्ठा, त्यावर कागद, त्यावर पान, त्यावर काच आणि चार बाजूंना कागदाचे मोठे चिमटे. काचेच्या कडा घासून घेतलेल्या हव्यात, फ्रेमवाला करून देतो.

किती वेळ ठेवायचं हे मुलांनाच शोधू द्या. एक कागदाची पट्टी उन्हात ठेवायची, वर पुठ्ठा, आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा थोडा थोडा सरकवायचा. धुतल्यावर पट्टीवर निळ्याच्या पायऱ्या दिसतात, त्यातली आवडेल ती आपली वेळ. पुण्यात मे महिन्यात अकराच्या उन्हाला पाच ते आठ मिनिटं धरून चाला, मुंबई-कोकणात ढग आले तर जास्त. कागद राखाडी आणि जरा तांब्यासारखा दिसायला लागला की झालं. इथे बरेच जण घाबरून लवकर उचलतात आणि मग धुताना सगळं वाहून जातं, तर थोडं जास्तच होऊ द्या. गच्चीवर चपला आणि टोपी सक्तीची, आणि काच उचलताना फडकं, ती चांगलीच तापते.

धुण्यासाठी नळ सोडून ठेवू नका, आधीच टँकरचे दिवस. तीन टब भरून ठेवायचे, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पिवळं पाणी यायचं थांबेपर्यंत. बोअरचं पाणी असेल तर पहिल्या टबात चिमूटभर लिंबूसत्त्व टाका, क्षारांच्या पाण्याने निळा उतरतो. एवढ्या पातळ लिंबाने काही होत नाही, वर सांगितलेली भीती जहाल अ‍ॅसिडची आहे. पाण्यात पडल्यावर पांढरं पान वर येतं आणि मागचा कागद निळा होत जातो, त्या वेळी कोपऱ्यातला मोबाईलवाला पण उठून टबापाशी येतो आणि व्हिडिओ काढतो. काढू द्या. निळा रंग पुढच्या दिवसभरात अजून गडद होतो.

तिसऱ्या दिवशी मोबाईललाच कामाला लावायचं. स्वतः काढलेला एक फोटो, ब्लॅक अँड व्हाइट करायचा, उलटा करायचा म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक शीटवर प्रिंट. ही शीट पानाच्या जागी ठेवली की फोटोची निळी प्रिंट मिळते. ज्यांना चित्रकला येते ते त्याच शीटवर काळ्या परमनंट मार्करने काढतील. सेल्फीवर हसू नका, पण सांगून बघा की आजोबांचे हात, बाल्कनीची जाळी, सायकलची चेन असलं काही जास्त छान येतं. त्याच दिवशी बिघडलेल्या प्रिंट बाहेर काढा, कपडे धुवायच्या सोड्याच्या पातळ पाण्यात बुडवल्या की निळा पिवळा पडतो, मग धुऊन कोऱ्या कडक चहात अर्धा तास ठेवल्या की तपकिरी होतात. म्हणजे ज्या सोड्याने परवा हळद खुलली त्याच्या भावाने आज निळा मारला, हे मुलांच्या बरोबर लक्षात राहतं. मांजरपाटावर प्रिंट करायची हौस असेल तर कापड आधी उकळत्या पाण्यात धुऊन खळ काढा, आणि नंतर ते डिटर्जंटमध्ये धुवायचं नाही हे आयांना सांगून ठेवा.

चौथा दिवस शिवणाचा. आठ ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की बत्तीस पानांची वही, बाहेरून आपली निळी प्रिंट कव्हर म्हणून. घडी चमच्याच्या पाठीने दाबा. घडीवर तीन भोकं, चांभाराच्या आरीने, खाली जाड पुठ्ठा ठेवून आणि दुसरा हात आरीच्या समोर न ठेवता. भरतकामाचा दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला की गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्याला मधे पकडून गाठ. लिहायला अवघड वाटतंय पण हातात घेतलं की दहा मिनिटांचं काम आहे. ज्याची वही आधी झाली त्याला शेजारच्याला शिकवायला बसवा, तुमचं ओरडणं वाचतं.

पाचवा दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. ज्याला परत फोटो छापायचा त्याने फोटो, कुणाला तीन वह्या करायच्यात तर तीन. शेवटी चीफ गेस्ट, भाषण, मेडल काही करू नका प्लीज, पार्किंगमध्ये दोरी बांधून चिमट्यांनी प्रिंट लावा, लोक संध्याकाळी फिरायला उतरतात तेव्हा बघतात, आणि मुलं आपोआप तिथे उभी राहून सांगतात. पन्हं ठेवलं तर उत्तम.

आवरताना, एकत्र केलेलं केमिकल उरलं तर त्याच दिवशी भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये सोडा, झाडांना नको. वेगवेगळ्या बाटल्यांमधलं मात्र कपाटात अंधारात कुलूप लावून ठेवलं तर पुढे काही महिने चालतं. सायट्रेटच्या बाटलीत वर बुरशी धरते कधीकधी, ती काढून गाळून घ्यायचं आणि वापरायचं.