घरची खोली आधी मागा

मागच्या वेळी एम.ए.च्या वर्गातल्या वाटाघाटींच्या सरावात आमचा तह सकाळी साडेअकराला झाला. बसलो होतो दहाला. दोन देश, तीन बेटं, एक मध्यस्थ, आणि दीड तासात सगळं मिटलं. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मी फोटो काढले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण हे गावात सांगनार कोन?" तिचं स्वतःचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाव, विरोधी पक्ष, संसद, यांतलं काहीच मी सरावात ठेवलेलं नव्हतं. दोन दिवसांचा कार्यक्रम दुपारच्या आत आटोपला आणि पोरं फुटाळा तलावावर फिरायला गेली.

तेव्हा एम.ए.च्या मुलांकडून गुप्त वाटाघाटींचा सराव करून घेणार असाल, तर खोल्या तीन मागू नका, पाच मागा. दोन देशांच्या दोन, मध्यस्थाची एक आणि प्रत्येक देशाच्या घरची, म्हणजे मायदेशातल्या लोकांची, एकेक. 'एवढ्या खोल्या कशाला' असं ऑफिसात विचारतील. वाद घालू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

तारीख डिसेंबरातली नको. हिवाळी अधिवेशनात नागपुरात खोलीही मिळत नाही आणि शांतताही नाही. मार्चनंतर कूलरच्या घरघरीत शेजारच्याचं ऐकू येत नाही. गुप्ततेला बरं, पण टिपणं घेणाऱ्याचे हाल. जानेवारी बरा.

वाद कुठला घ्यायचा? भारत-पाकिस्तान नको. पोरं उत्तरं घरूनच घेऊन येतात, मग नुसती घोषणाबाजी. बेळगावही नको. सीमावाद म्हटलं की निम्मा वर्ग तिकडे घसरतो, पण तो एकाच देशातल्या दोन राज्यांचा वाद आहे, तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं काय काम? मी बीगल खाडी घेतो. अर्जेंटिना आणि चिली. नागपुरात त्यावर कुणाचं मत नसतं, हाच फायदा. १८८१ च्या तहाप्रमाणे खाडीच्या दक्षिणेकडची बेटं चिलीची, पण खाडी नेमकी जाते कुठून, हेच भांडण. लवादाने १९७७ मध्ये पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तिन्ही बेटं चिलीला दिली. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने निकाल झुगारला. डिसेंबरात सैन्य सीमेवर, आणि अगदी शेवटच्या घटकेला पोपने आपले दूत म्हणून कार्डिनल सामोरे यांना धाडलं. ८ जानेवारी १९७९ ला माँटेव्हिडिओत दोघांनी बळ न वापरण्याचं मान्य केलं आणि मध्यस्थी मागितली. लवाद निकाल देतो, मध्यस्थ देत नाही. तो फक्त सुचवतो. हे फळ्यावर लिहा आणि पुसू नका, कारण मध्यस्थ झालेला मुलगा अर्ध्या तासात न्यायाधीश होतो.

नकाशा भिंतीवर हवा, मोठा. हिंदुस्थान मोजणारा लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, हे सांगितलं की पोरं नकाशाकडे जरा नीट बघतात. निदान दोन मिनिटं.

आता पुन्हा घरची खोली. तिथे उरलेल्या पोरांना बसवायचं नाही. वर्गातली सगळ्यात भांडकुदळ चार पोरं निवडून बसवा: एक विरोधी पक्षनेता, एक माजी सेनापती, एक संपादक, एक बेटावरचा कोळी. वाटाघाटी करणाऱ्याने दर दोन तासांनी तिथे जाऊन यायचंच. आत काय ठरलं ते त्याने सांगायचं नाही, पण परत येताना हे लोक काय गिळतील आणि काय ओकतील, याचा अंदाज घेऊन यायचं. पोरं कुरकुरतात, "सर, गुप्त आहे ना?" बाबांनो, गुप्त आहे म्हणूनच तर.

उदाहरणं हवीत तर ही घ्या. पोपचा प्रस्ताव डिसेंबर १९८० मध्ये आला. चिली हो म्हणाला, अर्जेंटिनाच्या लष्करशहांना ते घरी पचवता येईना. मधे ब्रिटनशी फॉकलंडचं युद्ध हरून ते गेले. नव्या सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये थेट लोकांना विचारलं. ऐंशी टक्क्यांहून जास्त होकार, चार दिवसांनी व्हॅटिकनमध्ये सही. बेटं चिलीकडे, समुद्राचा मोठा वाटा अर्जेंटिनाकडे. एवढं होऊनही अर्जेंटिनाच्या सिनेटमध्ये तो तह एका मताने तरला. सामोरे ते बघायला नव्हते, १९८३ मध्येच गेले.

आणि आपलं? बांगलादेशाशी सीमाकरार १९७४ चा. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या आपल्या १११ आणि त्यांच्या ५१ वस्त्यांची अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. एक्केचाळीस वर्षं. कारण भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने पाकिस्तानला द्यायच्या बेरुबारी भागाच्या प्रकरणी १९६० मध्येच सांगितलं होतं. म्हणजे घरच्या खोलीत एक वकीलही हवा. हे मला यंदा सुचलं.

मोबाइल डब्यात. ही सूचना नाही, अट आहे. मागच्या वेळी साडेदहालाच एकाने स्टेटस ठेवलं. आग्र्याच्या भारत-पाकिस्तान शिखर बैठकीचं सांगा: १६ जुलै २००१, पाकिस्तानच्या मुशर्रफांची संपादकांबरोबरची न्याहारी टीव्हीवर दिसली आणि आतल्या चर्चेला बाहेरून पाय फुटले. गळती झालीच तर दोन्ही बाजू काय बोलणार, ते एक वाक्य आदल्या दिवशीच दोघांकडून लिहून घ्या. दोन वाक्यं नकोत, दुसऱ्यात घोळ होतो.

टिपणांच्या प्रत्येक कागदावर वर लिहायचं: 'मसुदा, बंधनकारक नाही.' हसू नका. डिसेंबर १९९० मध्ये कतार आणि बहारीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दोह्यात बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या केल्या. बहारीनचे मंत्री म्हणत राहिले की आपण करार केलाच नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं, केलाय. सही करणाऱ्या मुलाला हे आधी वाचून दाखवा.

तर्री-पोहे सकाळी, पण वाटाघाटीच्या टेबलावर नकोत. तेलाचे डाग नकाशावर पडतात. पाणी, पेनं, घड्याळ.

दुसरा दिवस: मसुदा, भाषा जुळवणं, प्रसिद्धिपत्रक. परीक्षक बाहेरचा, शक्यतो कमी बोलणारा. प्रमाणपत्रं आधी छापा, नावं तपासा. सही मात्र दोन्ही घरच्या खोल्यांत मतदान झाल्यावरच, त्याआधी कुणी हात मिळवला तरी मी मोजणार नाही. आणि किल्ल्या आदल्या संध्याकाळीच शिपाईकाकांकडून घ्या, पाचही.