मेलमधली लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडते?

वीजबिलाच्या मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, आणि रोजच्या क्रोमऐवजी एज उघडलं. तिथे ना पासवर्ड सेव्ह केलेला, ना बुकमार्क. माझ्या सासऱ्यांचा यावरचा उपाय ठरलेला होता: लिंक कॉपी करायची, क्रोम उघडायचं, तिथे पेस्ट करायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत.

वर्ड असो की पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम, ब्राउझर सहसा तो स्वतः निवडत नाही. लिंकचा पत्ता तो विंडोजच्या हाती देतो. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारे पत्ते कोणाच्या नावावर लागलेत ते विंडोज बघतं आणि त्या ब्राउझरला उठवतं. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, एवढाच प्रश्न.

म्हणून आधी गडबड कुठे आहे ते शोधा. कीबोर्डवरची विंडोजची की आणि ‘आर’ एकत्र दाबा. ‘रन’ची छोटी चौकट येईल. तिच्यात कुठल्याही वेबसाइटचा पूर्ण पत्ता पेस्ट करून एंटर मारा. जो ब्राउझर उघडेल, तोच विंडोजच्या लेखी तुमचा डिफॉल्ट. हवा तोच उघडला तर विंडोजला हात लावू नका, मेल आउटलुक या प्रोग्रॅममध्ये वाचत असाल तर थेट त्याच्याकडे वळा.

भलताच उघडला, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स. यादीतून आपला ब्राउझर निवडा आणि वरचं ‘सेट डिफॉल्ट’ बटण दाबा. खाली ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ दोन्हींसमोर त्याचंच नाव आलंय ना, तेवढं बघून घ्या. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा हे बटणच नव्हतं, एकेक प्रकार हाताने बदलावा लागायचा. बटण २०२२ च्या अपडेटमधून आलं, तेव्हा ते दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट करा. विंडोज १० मध्ये याच पानावर ‘वेब ब्राउझर’ अशी सरळ जागा आहे. मॅकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘डेस्कटॉप अँड डॉक’ उघडावं. ब्राउझरची निवड तिथे का ठेवली, ते ॲपलच जाणे.

आता आउटलुक. त्याची स्वतःची वेगळी सेटिंग असते, आणि सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मेख तिथेच होती. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा. खाली सरकल्यावर ‘लिंक हँडलिंग’ दिसेल. तिथे एजऐवजी ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे आयटीवाल्यांनी कुलूपबंद केलेलं असू शकतं. मग त्यांनाच गाठा.

वर्डमध्ये लिंकवर क्लिक करून काहीच होत नसेल तर बिघाड समजू नका, कंट्रोल दाबून क्लिक करा. एक्सेलमधली लिंक मात्र वेगळाच चकवा देते. ब्राउझरमध्ये लॉगिन असूनही लॉगिनचंच पान पुढे येतं. कारण एक्सेल आधी स्वतः त्या पत्त्यावर डोकावून येतं, आणि तुमचं लॉगिन त्याच्याकडे नसल्यामुळे दारावरच अडतं. मग तो दारावरचाच पत्ता ब्राउझरला मिळतो. अशा वेळी सासऱ्यांची कॉपी-पेस्टची युक्तीच बरी.

टास्कबारवरच्या सर्चमधून वेबवर काही शोधलंत, तर भारतात ते एजमध्येच उघडतं. वरच्या सेटिंग्जचा तिथे काही उपयोग नाही.