सीवर्ल्डला निघालात? नागपूरकरांकडून हमखास होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या कॉलनीतून दर उन्हाळ्यात दोन-तीन घरं तरी अमेरिकेला जातात. मुलगा नाहीतर लेक तिकडे, नातवंडांना जून-जुलैत सुट्ट्या. मग बॅगेत संत्रा बर्फी आणि मुगवड्यांसोबत ठिकाणांची यादीही जाते. त्या यादीत फ्लोरिडातलं ऑर्लँडो असतंच, आणि ऑर्लँडोत डिस्ने झालं की नातवंडं सीवर्ल्डचा, म्हणजे समुद्री प्राणी आणि राइड्सच्या पार्कचा, धोशा लावतात. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा जवळजवळ सगळंच चुकलं, दुसऱ्यांदा निम्मं. परवा शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "तिथं काय काय न्यायचं हो?" तेव्हा लक्षात आलं की काय न्यायचं यापेक्षा काय करायचं नाही हेच जास्त सांगण्यासारखं आहे.

"तेहतीस? आपल्याकडे तर एवढ्यात स्वेटर काढतात!"

हे आमच्या ह्यांचं वाक्य. आदल्या रात्री जावयाने फोनवर हवामान दाखवलं, जुलैतलं ३३ अंश, आणि पंचेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री पचवलेल्या माणसाने ते हसण्यावारी नेलं. नागपूरकराची ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक.

आपला कूलर आठवा. मे महिन्यात हवा कोरडीठाक असते, म्हणून गवतावरचं पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. तोच कूलर मृगाचा पाऊस पडला की नुसती चिकचिक करतो. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा लागतो. आपलं शरीरही असंच घाम उडवून थंड होतं. फ्लोरिडात जुलैची हवा इतकी दमट की घाम निथळतो पण उडत नाही. म्हणजे नागपुरात आपला कूलर चालू असतो आणि तिथे तो पाऊस पडल्यानंतरचा असतो. आकडा लहान दिसतो, पण अंगावर जास्त बसतो.

ऊन लागू नये म्हणून ह्यांनी खिशात कांदा ठेवला होता. गेटवर बॅगा आणि खिसे तपासणाऱ्या पोराने तो हातात घेऊन दोनदा उलटापालटा पाहिला आणि काही न बोलता परत दिला. साडेबारा वाजता हे एका बाकावर बसले ते उठेचनात. तोंड पांढरं, तळहात ओले, "गरगरून राहिलं" एवढंच बोलणं. एसीत नेलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, ओआरएस घोटघोट पाजलं, तेव्हा तासाभराने माणूस ताळ्यावर आला. ओआरएसची पाकिटं नागपुरातूनच न्या, चार रुपये वाचतील म्हणून नाही, तर ऐनवेळी ती पर्समध्ये असतील म्हणून. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून पार्कचं प्रथमोपचार केंद्र गाठा किंवा ९११ हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ, जाड सुती पंजाबी ड्रेस, हे कोरड्या लूचे बंदोबस्त. तिथे पातळ, लवकर वाळणारे कपडे घाला. दिवसाची मांडणीही उलटी करा: सकाळी गेट उघडल्यापासून राइड्स, अकरा ते चार बंद इमारतीतले प्राणी आणि सावलीतले शो, मग पुन्हा बाहेर. आम्ही सकाळी फोटो काढले आणि भर दुपारी रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिलो.

पाऊस आला की घरी पळणं

ऑर्लँडोला समुद्र नाही. किनारा तिथून गाडीने तासभर दूर आहे. पण फ्लोरिडाच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे. दोन्हीकडून येणारे वारे दुपारी मध्ये कुठेतरी एकमेकांना भिडतात आणि उन्हाळ्यात जवळजवळ रोज ढग गडगडतात. वीज जवळ आली की बाहेरच्या सगळ्या राइड्स बंद. मॅको नावाचा रोलर कोस्टर २०० फूट उंच आहे, विजेत तो चालवणार कोण?

पहिल्या खेपेला तीन वाजता पाऊस सुरू झाला, मेगाफोनवर राइड्स बंद झाल्याचं सांगितलं, आणि अर्ध्या गर्दीबरोबर आम्हीही पार्किंगकडे धावलो. साडेचारला हॉटेलात पोहोचलो तर बाहेर लख्ख ऊन. दुसऱ्यांदा आम्ही शार्कच्या काचेच्या बोगद्यात जाऊन थांबलो. पाऊस ओसरला, राइड्स परत सुरू झाल्या आणि रांगेत माणसंच नव्हती. नात सलग तीनदा बसली. पातळ रेनकोट घरूनच न्या; आतल्या दुकानात त्याची किंमत रुपयांत करू नका, त्रास होतो.

डॉल्फिनसोबत पोहायचं, आणि तिकीट भलत्याच पार्कचं

हे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं झालं. नातवाला डॉल्फिनसोबत पाण्यात उतरायचं होतं. नागपूरच्या एका एजंटाने "सीवर्ल्डचं पॅकेज" म्हणून तिकिटं दिली. गेटवर कळलं की इथे डॉल्फिन बघता येतात, पोहता येत नाही.

शेजारी शेजारी तीन वेगळी पार्कं आहेत. सीवर्ल्ड, १९७३ साली सुरू झालेलं, प्राणी आणि रोलर कोस्टरवालं. अ‍ॅक्वाटिका, म्हणजे वॉटर पार्क, पोहण्याचे कपडे लागतील ते. आणि डिस्कव्हरी कोव्ह, जिथे डॉल्फिनसोबत पाण्यात उतरता येतं. तिथे ठरावीकच लोक घेतात, आगाऊ बुकिंग लागतं आणि ते बरंच महाग आहे. तिकिटावर यातलं नेमकं कोणतं नाव आहे ते स्वतः वाचा. गेटवर तिकीट काढण्यापेक्षा ऑनलाइन स्वस्त पडतं, आणि पार्किंगचे पैसे वेगळे, हेही हिशेबात धरा.

उंची इंचात मोजून जा

राइडवर बसायला वय नाही, उंची बघतात, तीही इंचात. ४२ इंच म्हणजे साडेतीन फूट, ५४ म्हणजे साडेचार. मॅको, मँटा आणि क्रॅकेन या तिन्ही मोठ्या राइड्सना ५४ इंच लागतात. पोरगं तासभर रांगेत उभं राहून शेवटी पट्टीखालून सरळ निघून गेलं की जो भोकाड पसरतो, तो पूर्ण दिवस पुरतो. दाराच्या चौकटीवर आदल्या रात्रीच पेन्सिलची खूण करा आणि कोणत्या राइड्स मिळणार ते मुलाला घरीच सांगा. तान्हं बाळ सोबत असेल तर आई-बाबांना आळीपाळीने, पुन्हा रांग न लावता बसता येतं. राइडच्या दारावर विचारा.

मँटावर माणूस पोटावर पालथा, जमिनीकडे तोंड करून उडतो. माझ्या लेकीच्या पायात स्लिपर होती. "काही नाही होत वं मम्मी," म्हणाली. एक स्लिपर कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. उरलेला दिवस दुकानातल्या शार्कछाप सपाता घालून फिरली. मागे पट्टा असलेल्या सँडल्स किंवा बूट घाला. ओढणी, सैल चष्मा, लांब मंगळसूत्र लॉकरमध्ये. ज्यांना बसायचं नाही त्यांनी रांगेबाहेर उन्हात ताटकळू नये: मँटाच्याच इमारतीत चपट्या रे माशांचं मत्स्यालय आहे आणि तिथे जायला वेगळी वाट आहे. बीपी, मणक्याचा त्रास, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तिथेच बसावं.

राइड्स धरल्या, प्राणी सोडले

मला विचाराल तर खरी चूक ही. पैसा वसूल म्हणजे राइड्सची संख्या, असं आपण धरतो. झोके तर आपल्या अमरावती रोडलाही मिळतात. मॅनेटी मिळत नाही.

मॅनेटी म्हणजे समुद्रगायीच्या कुळातला, नऊ-दहा फूट लांबीचा, पाच-सहा माणसांच्या वजनाचा निवांत जीव. पहिल्या खेपेला आम्ही त्याच्या समोरून धावत गेलो. दुसऱ्या खेपेला सासूबाईंना बसायला जागा हवी होती म्हणून थांबलो आणि पाऊण तास हललो नाही. पाण्यावर लेट्यूसची पानं तरंगत होती. एक मॅनेटी खालून वर आला, दोन्ही वल्ह्यांनी पान तोंडाकडे ओढलं, जाड ओठांनी म्हशीसारखं चघळलं. वल्हं काचेला टेकलं तेव्हा टोकाला नखं दिसली, हत्तीच्या पायाला असतात तशीच. नात्याने तो हत्तीचाच जवळचा. त्याच्या पाठीवर पांढऱ्या समांतर रेघा होत्या, बोटीच्या पंख्याच्या. अशा जखमी झालेल्या, किंवा पाणी २० अंशांखाली गेल्याने आजारी पडलेल्या मॅनेटींना इथे आणतात, बरे करतात आणि परत नदी-समुद्रात सोडतात. सासूबाई म्हणाल्या, "शाकाहारी हाय बिचारा." त्यांच्या लेखी हा सगळ्यात वरचा दाखला.

पेंग्विनकडे लोक जातात आणि कुरकुरत बाहेर येतात: अंधार होता, फोटो आले नाहीत. तिथला उजेड अंटार्क्टिकाच्या ऋतूप्रमाणे ठेवतात. आपल्या जून-जुलैत तिकडे हिवाळा, म्हणून आत मिणमिणता प्रकाश. फ्लॅश मारून तो दुरुस्त करायला जाऊ नका, प्राण्यांना त्रास होतो आणि काचेवर पांढरा गोळाच उमटतो. फोन काचेला टेकवा, फ्लॅश बंद, हात स्थिर. आत बर्फासारखी थंडी असते. म्हाताऱ्या माणसांसाठी शाल आणि चष्मेवाल्यांसाठी रुमाल जवळ ठेवा, कारण बाहेर दमट हवेत आल्याबरोबर काचा धुक्याने भरतात.

रे माशांना खाऊ घालता येतो. खाऊ म्हणजे मासेच, हे शाकाहारी घरांनी आधीच ठरवून जावं. मासा बोटांच्या बेचक्यात धरून हात पाण्याखाली सपाट ठेवायचा. रे माशाचं तोंड पोटाच्या बाजूला असतं, तो हातावरून सरकतो आणि मासा शोषून घेतो. वरून धरलात तर त्याचं तोंड तिथे पोहोचतच नाही. हाताला लावलेलं सनस्क्रीन आधी धुवा.

पुढच्या रांगेची हौस

ऑर्काच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, शोला पुढच्या रांगा रिकाम्या दिसतात. त्या उगाच रिकाम्या नसतात. चार-पाच टनांचं जनावर शेपटी आपटतं आणि बादल्या भरभरून थंडगार खारं पाणी अंगावर येतं. भिजायचं असेल तर खुशाल बसा, पण पासपोर्ट, औषधं, फोन मागे बसणाऱ्याकडे द्या.

जावयाचा फोन भिजलाच. त्याने तो लगेच चार्जिंगला लावला, नंतर हॉटेलात तांदळाच्या डब्यात पुरला. दोन्ही चूक. खारं पाणी साध्यापेक्षा वाईट, मीठ आत राहून गंजवतं. फोन आधी बंद करा. तो पाणीरोधक असेल तर साध्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा, चार्जिंगचं छिद्र खाली करून झटका आणि पंख्याच्या हवेत ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळाची कणी छिद्रात अडकते, बाकी काही होत नाही.

नातीचा प्रश्न

"आजी, हा इथे खुश आहे का?" शो संपल्यावर नातीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आइस्क्रीम घेऊन दिलं. ही माझी चूक. मुलं विचारणारच, तयारीने जा. २०१० साली इथेच तिलिकम नावाच्या ऑर्काने आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. त्यानंतर शोमध्ये माणसं ऑर्कासोबत पाण्यात उतरत नाहीत. मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे आता आहेत त्या शेवटच्या पिढीतल्या. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ मध्येच डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रं नकोत असं राज्यांना कळवलं होतं. एवढं सांगून काय वाटतं ते मुलांना ठरवू द्या. नातीने दुसऱ्या खेपेला शो बघितला नाही, मॅनेटीपाशीच बसली. मी बघितला. मला आवडतो, आणि नंतर जरा ओशाळल्यासारखं होतं, दोन्ही खरं.

उरलेलं थोडक्यात

बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली आणि किरकोळ खाऊ चालतो, काच चालत नाही, तेव्हा लोणच्याची बरणी गाडीतच राहू द्या. दिवसभराच्या जेवणाचा पास शाकाहारी घराला परवडत नाही; फ्राइज आणि पिझ्झा किती वेळा खाल?

व्हीलचेअरला म्हातारी माणसं नाही म्हणतात. "मी काय लंगडा हाय का?" हा वाद सकाळी गेटवरच मिटवा, दुपारी त्या भाड्याने मिळेनाशा होतात. आणि बसायला नको असेल तर पिशव्या ठेवायला घेतली म्हणावं. दोन वाजेपर्यंत पिशव्या कोणाच्या तरी हातात येतात.

नागपूरहून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढू नका. तिथे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. पहिल्या खेपेला सी-लायनच्या शोमध्ये सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं आणि सासूबाई माझ्या खांद्यावर घोरत होत्या. तिकीट निदान चौथ्या दिवसाचं काढा.