आयबिसमध्ये नवा कीवर्ड मागण्याआधी

जळगाव-धुळ्याकडे ठिबकाचे कंट्रोलर बनवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: चिपच्या आयबिस मॉडेलमध्ये (पिनांचं विद्युत वर्तन तक्त्यांत मांडणारी ठरावीक साच्याची फाईल) आपला उन्हाळाच नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. मग सुचतं, स्टँडर्डमध्ये गरमीचा वेगळा रकाना, म्हणजे नवा कीवर्ड हवा.

आधी फाईल उघडून टेम्परेचर रेंजची ओळ वाचा. टिपिकल, मिन, मॅक्स असे तीन आकडे असतात आणि सीमॉस (आजच्या बहुतेक चिपचा ट्रान्झिस्टर-प्रकार) चिपच्या फाईलीत मिनखाली सगळ्यात मोठा आकडा दिसतो, ८५ किंवा १२५. ही छपाईची चूक समजून कुणी दुरुस्त करू नये. मिन म्हणजे मंद, अशक्त ड्रायव्हर (पिनेवर सिग्नल ढकलणारं चिपमधलं सर्किट), आणि सीमॉस तापला की अशक्त होतो. तुमचा मे महिना त्याच रकान्यात बसलाय. फक्त तो आकडा आतल्या डायच्या (सिलिकॉनच्या तुकड्याच्या) तापमानाचा आहे, पेटीतल्या हवेचा नव्हे.

पहिली चाळणी हीच: हवं ते आधीपासून आहे का?

दुसरी चाळणी: ही गोष्ट चिपची की बाहेरची? समजा ३.३ व्होल्टची पिन २० मीटर ट्विस्टेड पेअरवरून केळीच्या बागेतल्या व्हॉल्व्ह-बोर्डला सिग्नल देते. मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद धरले तर जायलाच १०० लागतात. सिग्नल २ नॅनोसेकंदांत चढत असेल, तर टोकाकडून परतणारी लाट ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसणार. पण लाट केबलची आहे, ती ट्रान्समिशन लाईन म्हणून सर्किटमध्ये टाका. ड्रायव्हरचा रोध २५ ओहम आणि केबल १०० ओहमची असेल तर पिनेजवळ ७५ ओहम सिरीजमध्ये लावा, काम झालं. मोकळ्या टोकावर व्होल्टेज दुप्पट होऊ शकतं, म्हणूनच तर फाईलीतले व्होल्टेज-करंटचे (व्ही-आय) तक्ते उणे ३.३ पासून ६.६ व्होल्टपर्यंत द्यायचे असतात.

दोन्ही चाळण्यांत अडकलं नाही, तरच मोजमापाला बसा. ट्रान्झिस्टर पातळीचं स्पाइस (सर्किट सिम्युलेटर) मॉडेल आणि आयबिस मॉडेल एकाच लोडवर चालवा: ५० ओहम ग्राउंडला, ५० ओहम सप्लायला, मग मोकळ्या टोकाची लाईन. थ्रेशोल्ड (० की १ ठरवणारी पातळी) ओलांडण्याची वेळ आणि ओव्हरशूट (सिग्नलची जादा उसळी) यांतला फरक लिहून ठेवा. तो टिपिकल आणि मिन यांच्यातल्या फरकापेक्षा बराच लहान असेल तर विषय सोडा.

फरक मोठा असेल, तर त्यामागचं कारण सापडलं पाहिजे. २००८ च्या ५.० आवृत्तीत कम्पोझिट करंट (सप्लायच्या पिनेतून जाणारा करंट) आणि आयएसएसओचे (सप्लाय हलला की ड्रायव्हर किती बदलतो याचे) तक्ते आले, ते असेच. एकाच वेळी बरेच आउटपुट पलटले की चिपचा सप्लाय खचतो; जुन्या तक्त्यांनी तो स्थिर धरला होता. कितीही बारीक तक्ते दिले तरी ती चूक जाणार नव्हती.

त्यापुढे आकडे देणार कोण, हा प्रश्न. चिप कंपन्या आयबिस देतात कारण त्यातून प्रोसेसची गुपितं बाहेर पडत नाहीत. नव्या कीवर्डसाठी ट्रान्झिस्टरची मापं लागणार असतील तर तो कागदावरच राहील.

स्टँडर्ड बदलण्याच्या प्रस्तावाला बर्ड म्हणतात. त्यात एकक, करंटची दिशा (चिपमध्ये शिरणारा धन) आणि संदर्भाचा बिंदू स्पष्ट लिहा. पुलअपचा (आउटपुट सप्लायकडे खेचणाऱ्या भागाचा) तक्ता सप्लाय वजा आउटपुट असा मोजतात. हे विसरून भले भले उलटे आलेख काढतात. कीवर्ड ऐच्छिक ठेवा आणि तो नसेल तेव्हा टूलने काय धरायचं तेही सांगा, नाहीतर जुन्या फाईली मोडतील. सोबत एक बरोबर आणि एक मुद्दाम बिघडवलेली नमुना फाईल जोडा. आयबिसचेकने (फाईल तपासणाऱ्या प्रोग्रामने) दुसरी का नाकारायची, हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर व्याख्या अजून कच्ची आहे.