खेड्यातील शाळेत रेणूंचे स्विच कसे दाखवावेत

ज्या रेणूला दोन रूपे असतात आणि प्रकाश, आम्ल, उष्णता किंवा प्राणवायू यांच्या इशाऱ्यावर जो एका रूपातून दुसऱ्यात जाऊन पुन्हा परत येतो, त्याला रेणूचा स्विच म्हणतात. विदर्भातील खेड्यात नववी-दहावीच्या वर्गाला तो गावातल्याच वस्तूंनी दाखवता येतो. मुलांचे लक्ष साहजिकच रंग बदलण्याकडे जाते. शिक्षकाने मात्र प्रत्येक वेळी विचारावे की रेणू परत आला का, आणि किती वेळा येईल.

सुरुवात हळदीने करावी. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून, जवळपास विस्तव नाही याची खात्री करून, टीपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. पानठेल्यावरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर निवळी येते. तिचा थेंब काडीने पट्टीवर टेकवताच पिवळा रंग तांबडा होतो आणि लिंबाच्या रसाने तो पुन्हा पिवळा होतो. चुना डोळ्यात जाऊ नये म्हणून निवळी शिक्षकानेच हाताळावी. हळदीतील कर्क्युमिनचा रेणू अल्कात प्रोटॉन गमावतो आणि आम्लात परत मिळवतो. हळदीपासून कुंकू याच गुणामुळे करता येते. परंतु दर फेरीला चुना आणि लिंबाचा क्षार कागदात साचत जातो, म्हणून हा स्विच फार काळ चालवता येत नाही. प्रकाशावर चालणाऱ्या स्विचात असा गाळ उरत नाही, आणि संशोधकांना त्याचे मोल वाटते ते यासाठीच.

दुसऱ्या प्रयोगासाठी उन्हात काळा होणारा, प्लॅस्टिकच्या भिंगांचा जुना चष्मा मिळवून भिंगे काढून घ्यावीत. दोन पांढऱ्या वाट्या घ्याव्यात. एकीत माठातले गार पाणी, दुसरीत हाताला सोसेल इतके कोमट पाणी. प्रत्येकीत एक भिंग पाच मिनिटे सावलीत बुडवून ठेवावे आणि मग दोन्ही वाट्या एकदम उन्हात सरकवाव्यात. दोन मिनिटांत गार पाण्यातले भिंग जास्त गडद झालेले दिसेल. भिंगातील रेणूचे एक कडे अतिनील किरणांनी उघडते आणि रंग येतो. उष्णता ते कडे पुन्हा बंद करते. त्यामुळे तापमान जितके अधिक, तितके एका वेळी उघडे असलेले रेणू कमी. आपल्याकडच्या मे महिन्यात, जेव्हा गडद काचेची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच हा चष्मा डिसेंबरातल्या उन्हापेक्षा फिका राहतो, तो याच कारणाने. शाळा मे महिन्यात बंद असते, म्हणून हा प्रयोग मार्च संपण्याआधी उरकावा.

रेणूचा आकार बदलतो म्हणजे काय, हे बायंडिंग वायरच्या नऊ सेंटिमीटरच्या तुकड्याने कळते. एक सेंटिमीटर म्हणजे 0.1 नॅनोमीटर धरावा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). अझोबेंझीन या प्रकाशावर चालणाऱ्या स्विचाचा लांबट रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 0.9 नॅनोमीटर असतो. अतिनील प्रकाशात तो मुडपतो आणि हे अंतर 0.55 नॅनोमीटरवर येते. दोन भुजांमधला कोन काटकोनाहून थोडा कमी राहील इतकी तार मधोमध मुडपली की टोके साडेपाच सेंटिमीटरवर येतात. निळ्या प्रकाशात हा रेणू पुन्हा सरळ होतो.

औषध म्हणून याचा उपयोग काय, हे मुले विचारतातच. रेणूंच्या यंत्रांसाठी 2016 चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी बेन फेरिंगा यांच्या गटाने 2013 मध्ये असे प्रतिजैविक दाखवले, जे प्रकाश पडल्यावर प्रभावी होते आणि पुढे काही तासांत आपोआप निष्प्रभ होते, म्हणजे उरलेले औषध जंतूंना प्रतिकार शिकवण्याचा धोका कमी होतो. अडचण अशी की अतिनील प्रकाश कातडीखाली खोल जात नाही. म्हणून तांबड्या प्रकाशावर चालणारे रेणू शोधले जात आहेत. सिलिकाच्या (वाळूतील मुख्य पदार्थाच्या) सच्छिद्र, अतिसूक्ष्म नॅनोकणांत औषध भरून, पेशीतील आम्लतेने उघडणाऱ्या रेणूंची झाकणे बसवण्याचे प्रयोगही झाले आहेत.

शेवटचा स्विच रक्तातला, आणि आपल्या भागात तो सर्वांत जवळचा. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन प्राणवायू धरताना एका रूपात असते आणि सोडल्यावर दुसऱ्या. सिकलसेल या आपल्या भागात आढळणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या प्रथिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल असते, त्यामुळे प्राणवायू सुटलेल्या रूपातले रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळाला की दोरे विरघळतात. पण हे वारंवार झाले की पेशीचे आवरणच वाकडे राहते आणि परतीची वाट बंद होते. हा प्रयोग शाळेत करायचा नाही, फळ्यावर समजवायचा. सिकलसेल तपासणी शिबिरातील विद्राव्यता चाचणीत रक्ताच्या मिश्रणातून रसायनाने प्राणवायू काढून घेतात आणि मिश्रण गढूळ झाले, तर नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. या चाचणीवरून वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला) कोण आणि रुग्ण कोण हे ठरत नाही, म्हणून गढूळ निकाल आल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील तपासणी करून घेण्यास पालकांना आवर्जून सांगावे. कोणाचा निकाल काय आला, हे वर्गात विचारू नये. आई-वडिलांना वेगळे बोलावून सांगावे आणि तपासणीचा कागद जपून ठेवायला लावावा.