थायरॉइडचं ऑपरेशन ठरलंय? आधी आणि नंतर आवाज असा तपासा

स्वरयंत्राचे स्नायू हलवणाऱ्या नसा थायरॉइड ग्रंथीला अगदी लागून जातात. दोन्ही बाजूंना दोन-दोन. रिकरंट लॅरिंजिअल नस स्वरतंतू उघडते आणि मिटवते. सुपीरिअर लॅरिंजिअलची बाहेरची शाखा मात्र क्रायकोथायरॉइड या एकाच स्नायूला जाते. तो तंतू ताणून सूर चढवतो. त्यामुळे नुसतं 'आवाज बसला' म्हणून भागत नाही, तो कसा बिघडला ते सांगता आलं पाहिजे.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी शांत खोलीत, मोबाइल तोंडापासून वीतभर धरून रेकॉर्ड करा:

१. नेहमीच्या आवाजात १ ते २० आकडे.
२. पूर्ण श्वास घेऊन सलग 'आ', तीनदा. सर्वांत लांब किती सेकंद टिकला ते लिहून ठेवा. निरोगी प्रौढांचा साधारण १५ किंवा जास्त असतो.
३. खालच्या सुरापासून जमेल तितक्या वरच्या सुरापर्यंत न तुटता सरकत जा.
४. एक जोरदार खोकला.

याच आठवड्यात दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या. एक तंतू आधीच लुळा असला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि आवाज चांगला वाटतो.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस घसा बसतो. त्याला बहुधा भूल देताना घशात घातलेली श्वासाची नळी कारण असते. त्यानंतर त्याच खोलीत तसंच रेकॉर्ड करून ताडून पाहा. 'आ' १० सेकंदांच्या आत संपतो, आवाजात हवा मिसळते, खोकला पोकळ येतो, पाणी पिताना ठसका लागतो? एका बाजूची रिकरंट नस दुखावली असण्याची शक्यता आहे. 'आ' ठीक, पण वरचे सूर गायब, लांबून हाक मारता येत नाही, संध्याकाळी आवाज थकतो? मग बाहेरच्या शाखेचा संशय घ्या. दुर्बिणीत तंतू नीट हलताना दिसतात म्हणून ही इजा निसटते, तेव्हा वरचे सूर गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर क्षणभरही थांबू नका, थेट तातडीच्या विभागात जा. तंतू उघडणारा स्नायू प्रत्येक बाजूला एकच असतो. दोन्ही बाजू बंद पडल्या की वाट अरुंद होते, आणि घात असा की आवाज मात्र जवळजवळ चांगला राहू शकतो.

बाकी बिघाड दोन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवा. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवडे ते काही महिन्यांत सावरते. तोवर जोर लावून कुजबुजू नका. स्पीच थेरपी लवकर सुरू करा. ठसका फार लागत असेल तर लुळ्या तंतूत जेल भरून तो मध्ये सरकवता येतो, त्यासाठी वर्षभर वाट पाहायची गरज नाही.

ऑपरेशन झालेलंच नाही आणि तरी आवाज चार आठवडे बसलेला असेल, तर स्वरतंतू तपासाच. डावा तंतू लुळा निघाला आणि घशात कारण सापडलं नाही, तर छातीचीही तपासणी हवी: डावी रिकरंट नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते, म्हणून फुप्फुसातली गाठ किंवा मायट्रल झडप अरुंद झाल्याने फुगलेलं हृदयही तिला दाबू शकतं.